छापखान्याखालची खोली: जॅझच्या तळघराच्या नोंदी

9 मे
जागा ठरली. सांगली-मिरज रस्त्यावर, विश्रामबागेच्या अलीकडे-पलीकडे म्हणा, एका बंद पडलेल्या छापखान्याचं तळघर. वर दोन ट्रेडल मशीन (पायाने चालवायची छपाई यंत्रं) अजून उभी आहेत, खाली पूर्वी कागदाची रिमं ठेवत. यापूर्वी गावभागातलं एका वाड्याचं तळघर बघितलं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, खांब, कोनाडे. फोटो काढायला उत्तम. पण वरच्या सोप्यात भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ होती, आणि ती माझ्या डोक्याच्या वर होती. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45. म्हणजे तिथल्या तळघराबद्दल वेगळं काही बोलायची गरज नाही.

छापखान्याच्या बाबतीत आमचा हिशोब साधा: कागदाचा धंदा करणारा माणूस ओली जागा गोदामाला घेत नाही. जागामालक अण्णांनीही तेच सांगितलं. 2005, 2019, 2021, तिन्ही पुरांत खाली पाणी नाही. “पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ओल धरते, ते आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका.” भाडं परवडणारं, विजेचं बिल वेगळं. अटी दोन. दारू नको, आणि साडेनऊला सगळं बंद.

माप: लांबी 32 फूट, रुंदी 20, उंची 9. उतरायला एक जिना. मागच्या बाजूला रस्त्यावरून रिमं खाली सरकवायचा सिमेंटचा उतार आहे, वर लोखंडी झाकण. ती आपली दुसरी वाट. ती नसती तर जागा घेतलीच नसती. जमिनीखाली चाळीस माणसं आणि एकच जिना, हे मला झोपू देत नाही.

हे कशासाठी, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण येणारा प्रत्येक जण विचारतोय. मेणबत्त्या लावून जुन्या अमेरिकी चाली वाजवणारं हॉटेल काढायचं नाही. तो रस्ता मुंबईने केव्हाच चालून झालाय: 1930 च्या दशकात ताज हॉटेलात अमेरिकी जॅझवादक लिऑन अॅबीचा बँड, मग टेडी वेदरफोर्ड, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर वाजवणारे गोव्याचे वादक, पुढे 1978 पासून जॅझ यात्रा हा महोत्सव. आपल्याला हवंय ते लहान आणि जरा हट्टी काम: आधी काहीच न ठरवता वाजवायचं, आणि ते ऐकायला चाळीस माणसं जवळ बसवायची. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब 1935 पासून तळघरातच चालतो आणि त्याची क्षमता 123. आपण त्याच्या तिसऱ्या हिश्शात भागवू.

14 मे
खोली रिकामी केली. जुनी कॅलेंडरं, एका सहकारी सोसायटीचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिकांचे नमुने. पत्रिका ताईंनी ठेवून घेतल्या (ताई म्हणजे आमच्या व्हायोलिनवाल्या, त्यांचा क्लास जवळच आहे).

टाळी वाजवून बघितली. फोनवरच्या अॅपने साडेतीन सेकंदांच्या जवळपासची घुमणूक दाखवली. भजनाला छान वाटेल, पण ड्रम्सचा प्रत्येक ठोका पुढच्या पाच ठोक्यांवर सांडेल. आम्हाला 0.8 सेकंद हवेत. घुमणूक मोजायचं सॅबिनचं सूत्र मांडलं: खोली 163 घनमीटर, 0.161 ने गुणून 0.8 ने भागलं की जवळजवळ 33 चौरस मीटर आवाजाचं शोषण लागतं. आठेक चौरस मीटर खोलीचं स्वतःचं. चाळीस माणसं सोळाएक देतात, अंगावरच्या कपड्यांसकट. राहिले नऊ. म्हणजे कापसाच्या जाड गाद्या, सहा बाय तीनच्या, सहा-सात.

सल्ले मात्र दोनच आले आणि सगळ्यांकडून तेच. एक, मार्केट यार्डातून हळदीची जुनी पोती आणून टांगा. दोन, अंड्यांचे ट्रे चिकटवा. पातळ पोतं झांजेची सळसळ तेवढी खातं, खालच्या सुरांना त्याचा पत्ताही लागत नाही. ट्रेचं तर नावच नको. आवाज थांबवत नाहीत आणि पेट मात्र झटकन घेतात.

20 मे
आजचा दिवस बेसचा, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारचा.

बेसवाल्याने (बँकेत नोकरी, सोमवार सोडून कधी मोकळा नाही, म्हणून आपला वार सोमवार) अॅम्प्लिफायर फरशीवर ठेवून सगळे सूर एकेक करून वाजवले. ए तारेच्या दुसऱ्या पडद्यावर आला आणि खोली गुरगुरली. अलीकडचा सूर ठीक, पलीकडचा ठीक, हा एकच फुगतो. गणित बघितलं तर बरोबर आहे. 9 फूट म्हणजे 2.74 मीटर. फरशी आणि छत यांच्यामध्ये जी अर्धी लहर चपखल बसते ती सेकंदाला साधारण 63 कंपनांची. बेसचा तो सूर, पाश्चात्त्य नावाने बी, आहे 61.7 चा. शेजारीच.

पण खरी गंमत पुढे. अशा लहरीचा दाब फरशीपाशी आणि छतापाशी सगळ्यात जास्त असतो आणि मधोमध, साडेचार फुटांवर, जवळजवळ नसतोच. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान चार फुटांवर येतो. सतरंजीवर मांडी घातलेल्याचा अडीचवर. मी खाली बसलो, ताई खुर्चीवर. बेसवाल्याने सूर धरून ठेवला.

“कुठाय? मला तर काहीच वेगळं वाटत नाही,” ताई.

मला छातीत कळत होतं. जागा बदलल्या. ताई खाली टेकल्या आणि अर्ध्यातच म्हणाल्या, “अगंबाई!” मग उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. एकच सूर, आणि बसता-उठता तो येतो-जातो.

म्हणजे बैठक की खुर्च्या हा प्रश्न नुसता आवडीचा राहिला नाही. मला बैठकच हवी आहे. या भागातला रसिक मांडी घालूनच ऐकायला शिकलाय. मिरजेत दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं ते काय खुर्च्यांची तिकिटं काढून ऐकायचं असतं थोडंच. खुर्च्या मांडल्या की माणूस प्रेक्षक होतो, मागे टेकतो.

उपाय निघाला तो लहरीच्या स्वभावातूनच. जिथे दाब नाही तिथून आवाज सोडला तर ती लहर उठायला तयार होत नाही. अॅम्प्लिफायर छापखान्यातल्या खिळ्यांच्या (छपाईच्या अक्षरांच्या) लाकडी मांडणीवर चढवला, स्पीकर साडेचार फुटांवर येईल असा. गुरगुर संपूर्ण गेली नाही, पण बेसवाला आता त्या सुराला न घाबरता बोट लावतो. दिसायला विचित्र दिसतं. असू दे.

3 जून
गाद्या लागल्या. जुना कापूस पिंजून घेतला, वर जाड मांजरपाटाची घट्ट खोळ, भिंतीपासून चार इंच सोडून. मागे हवा राहिली की खालचे सूरही थोडे शोषले जातात. उत्तरेच्या भिंतीवर काहीच लावलं नाही, तिला श्वास घेऊ दे. जिन्याजवळ एक आणि उताराजवळ एक अग्निशामक. खाली उदबत्तीही लावायची नाही असा नियम, कापूस आहे. पहिल्या दिवशी नारळ वरच फोडणार.

वायरिंग नवीन, 30 मिलिअँपचा गळती-रोधक स्विच बसवला. ओलसर खोलीत माणूस बेसच्या तारेला हात लावून उभा असतो, म्हणून या स्विचशिवाय प्लग लावू देणार नाही.

12 जून
परवानगीचं टेबल. अर्जावर “वाद्यसंगीत, उत्स्फूर्त” असं लिहिलं होतं.

“सादर होणाऱ्या गीतांची यादी जोडा.”
“गीतं नाहीत साहेब. तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतात.”
“हो, पण कुठली गाणी?”

ते चुकीचं विचारत नव्हते. नमुन्यात तो रकाना आहे. शेवटी तिकीट ठेवायचंच नाही असं ठरलं. निमंत्रितांची तालीम, जिन्याशी एक डबा, ज्याने त्याने इच्छेप्रमाणे टाकावं. दहाच्या आवाजबंदीचा प्रश्न अण्णांच्या साडेनऊनेच मिटवलाय.

24 जून
लग्नसराई उतरली आणि क्लॅरिनेटवाले काका आले. मिरजेच्या एका बँड कंपनीत आयुष्य गेलं. वाद्य मेरठचं, चाव्यांवरचं पॉलिश गेलेलं, पण पॅड सगळी नवी. त्यांना आणायचं डोक्यात कधीपासून होतं, कारण माझ्या मते सांगलीत जॅझ आणायला विमान लागत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये हे संगीत उभं राहिलं ते रस्त्यावर चालणाऱ्या ब्रास बँडच्या वाद्यांवर: क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, गळ्यात अडकवलेला ढोल. मिरवणूक तिथे प्रेताचीही असे, इथे नवरदेवाची. वाद्यं आहेत, दमसास आहे, आणि उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेलं वाजवणं, काय असतं हे इथे कोणाला समजवावं लागत नाही. नाही ती एकच गोष्ट: फर्माईश न घेता वाजवायची मोकळीक.

काकांनी विचारलं, “सम कुठं धरायची?”
“धरायची नाही.”
“मग हातपाय कुठं ठेवायचं?”

जॉन स्टीव्हन्सचा एक जुना सराव घेतला. हा इंग्रज ड्रमवादक; 1966 पासून लंडनच्या लिटल थिएटर क्लबमध्ये त्याची मंडळी असलंच न ठरवलेलं संगीत रात्री उशिरा वाजवत, कित्येकदा समोर बोटावर मोजण्याइतके लोक. सराव असा: आपल्या वाद्यावर निघेल तितका आखूड आवाज काढायचा. एक टिचकी. कोणी कधी काढायची हे ठरलेलं नाही. हळूहळू आपली टिचकी दुसऱ्याच्या टिचकीजवळ कशी पडते याकडे कान लागतो. काकांना आखूड जमेना. बँडमध्ये सूर पुढच्या चौकापर्यंत पोचवायचा असतो, त्यामुळे फुंकर लांब आणि भरलेली. पाच-सात मिनिटांनी त्यांनी फुंकणंच सोडलं आणि नुसत्या चाव्या आपटू लागले. टक. टक-टक. पॅड भोकावर बसल्याचा मऊ आवाज, त्यात नळीचा एवढासा सूर. बेसवाला मान खाली घालून थांबला. मीही काठ्या ठेवल्या.

नंतर चहा पिताना काका म्हणाले, “वरातीत थांबायची सोय न्हाई. आपण थांबलो की पब्लिक म्हणतंय, बॅटरी गेली काय.”

स्टीव्हन्सचा दुसरा नियम आता जिन्याच्या तोंडाशी खडूने लिहिलाय: शेजाऱ्याचं वाजवणं ऐकू येत नसेल तर तुझा आवाज मोठा आहे. ड्रम्सवर बसणारा मी, तेव्हा तो माझ्याच डोळ्यांसमोर राहील असा लिहिलाय.

8 जुलै
पाऊस. खालची आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर. तबल्याची शाई-पुडी मऊ पडली, चढवून चढवून थकलो, दहा मिनिटांत परत उतरतो. तबलजींनी हातच जोडले. “हे माझ्या लेकराचं हाल आहेत.” दुसरीकडे काकांचं क्लॅरिनेट तापलं की वर जातं. एक खाली येतोय, एक वर जातोय, आणि मध्ये ताईंचं व्हायोलिन.

ओल शोषणारं यंत्र भाड्याने आणलं. ते चालू असताना घरघरतं, म्हणून दुपारी चालवायचं आणि संध्याकाळी बंद. टाकीत बादलीभर पाणी निघतं. हवेचा पंखा उताराच्या बाहेरच्या तोंडाशी नेला, मध्ये आतून फोम लावलेली पाइप. आता पंखा ऐकू येत नाही, हवा येते.

15 जुलै
मिरजेहून सतारीचे एक कारागीर बघायला आले. यंदा, 2024 मध्ये, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याबद्दल अभिनंदन केलं तर म्हणाले कागद आला, आता गिऱ्हाईक यावं. जवारी काढायला (घोडी घासून तारांचा आवाज नीट करायला) आणलेली एक सतार त्यांनी गादीजवळ उभी करून ठेवली. काका लांब सूर घेत होते. काळी पाचचा सा सोडला आणि खोलीत कुठेतरी बारीक रुणझुण चालूच राहिली. सगळे आधी छताकडे बघू लागले. सतारीच्या तरफा होत्या, मुख्य तारांखालच्या बारीक तारा. त्या स्वरात लावलेल्या तेवढ्या तारा आपोआप जाग्या होत होत्या.

मग काकांनी दोन श्रुती खाली वाजवून बघितलं: काहीच नाही. पुन्हा वर: रुणझुण. अर्धा तास हेच चाललं. कारागिरांनी एकेक तरफ वेगळ्या स्वरांत लावली, आपल्या रागांत कधी शेजारी बसणार नाहीत अशा; आणि काका अंदाज घेत त्या शोधू लागले. कोणता सूर लागला की कोपरा उत्तर देईल हे त्यांनाही माहीत नाही. यापेक्षा चांगली तालीम मला बांधून दिली असती तरी जमली नसती. सतार खाली ठेवू देणार नाही मात्र, भोपळ्याला ही हवा सोसणार नाही. सोमवारी येईल, सोमवारी जाईल.

22 जुलै
पहिली खुली बैठक. आषाढी होऊन गेली, चातुर्मास लागला, मुहूर्त नाहीत, म्हणून सगळे बँडवाले मोकळे. बत्तीस माणसं आली. त्यात विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजची मुलं, दोन निवृत्त शिक्षक, एक हळदीचे अडते सपत्नीक, आणि छापखान्यात पूर्वी काम केलेले दोघे, ते मुख्यतः मशीन बघायला.

पहिला तुकडा फसला. चौघेही एकमेकांना सांभाळत बसले, नम्रपणाचा अतिरेक. दुसऱ्यात काकांनी अचानक बँडचा पूर्ण आवाज सोडला. एवढ्या खोलीत. सगळे दचकले, मी झांजेवर गेलो, बेस खाली गुरगुरला आणि तिथून पुढची वीस मिनिटं कशी गेली ते सांगता येत नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात मधूनच कपबशीचा आवाज आहे. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या 25 जून 1961 च्या व्हॅनगार्डमधल्या ध्वनिमुद्रणातही ग्लास किणकिणतात, तेव्हा आपण ती काढून टाकायचं कारण नाही.

शेवटी मागून एकाने सवयीने एका चित्रपटातल्या गाण्याची फर्माईश सोडली. काका उठून उभे राहिले, वाद्य छातीशी धरलं आणि हसून म्हणाले, “दादा, ते पाचशे रुपयाला. इथं फुकट, म्हणून इथं आमच्या मनाचं.” टाळ्या सगळ्यात जास्त त्याला पडल्या.

26 जुलै
कोयनेचा विसर्ग वाढवला. सगळ्यांच्या फोनवर आयर्विनची पातळी. 40 फूट ही इशारा पातळी, पाणी त्या बाजूला चाललंय. आपल्याकडे नदी येणार नाही, पण गटार उलटं फिरू शकतं. खालच्या मोरीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मे महिन्यातच बसवलाय. सगळी वाद्यं, अॅम्प्लिफायर, गाद्या वर नेल्या.

संध्याकाळी काकांचा फोन. त्यांच्या बँडची खोली सखल भागात आहे. टेंपोभर सामान आलं: मोठा ढोल, जरीचे लाल कोट पोत्यात भरलेले, झगमग छत्र्या आणि एक युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य. छापखान्यात ट्रेडलच्या दोन्ही बाजूंना लावून ठेवलं. अण्णा स्वतः खांद्याला खांदा लावत होते. दारात उभे राहून काकांना म्हणाले, “पाणी उतरेपर्यंत राहू द्या. भाडं काढलंत तर बघा.”

या प्रकल्पातली खरी अडचण आज कागदावर स्पष्ट दिसली. आपले वादक मोकळे असतात ते चार महिने, आणि नेमके तेच चार महिने सांगलीत जमिनीखाली काही ठेवायचे नव्हेत.

12 ऑगस्ट
पाणी ओसरलं, खाली फक्त ओल. श्रावणी सोमवार असल्यामुळे चहाबरोबरच्या भज्यांची साबुदाणा खिचडी झाली, आणि गर्दी वाढली. दोन्हीचा संबंध असावा.

कोट आणि ढोल गेले, युफोनियम राहिला, कारण काकांच्या पुतण्याला तो खाली वाजवून बघायचा होता. बँडमध्ये युफोनियमचं काम खालून आधार द्यायचं. चालीत त्याला कोणी विचारत नाही. इथे पुतण्या आणि बेसवाला दोघेच बसले. दोघांनाही खालचीच जागा सवयीची, त्यामुळे बराच वेळ “तू आधी” चाललं. मग पुतण्याने मुखनळीत नुसता श्वास सोडायला सुरुवात केली, सूर न काढता, आणि बेसवाल्याने तारा तळव्याने दाबून त्या श्वासाबरोबर हलक्या थापा दिल्या. खाली बसलेल्यांना तो बीचा सूर आला तेव्हा या वेळी कोणी तक्रार केली नाही.

अडते म्हणाले, हे गाणं नव्हे, पण उठावंसंही वाटत नाही. हा अभिप्राय मी मान्य करतो.

2 सप्टेंबर
गणपतीच्या तयारीला बँडवाले गेले. अनंत चतुर्दशीपर्यंत बंद. डब्यातल्या पैशांतून भाडं सुटलं, ओलीच्या यंत्राचं सुटलं नाही. ते चौघांनी वाटून घेतलं.

23 सप्टेंबर
सगळे परत, पण काकांचा ओठ सुजलेला, विसर्जनाची मिरवणूक. त्यांनी आज वाजवायचं नाही असं ठरवून हाताने इशारे द्यायचं काम घेतलं. बुच मॉरिस नावाच्या अमेरिकी संगीतकाराने 1985 पासून अशा इशाऱ्यांची पद्धत बसवली होती. वादकांनी काय वाजवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, कधी सुरू, कधी थांब, कोणी कोणाची नक्कल करायची, ते हातावरून. काकांना मी पद्धत सांगायला गेलो तर त्यांनी बँडमास्तरचेच इशारे काढले. मूठ मिटली की बंद. दोन बोटं म्हणजे मागचं पुन्हा. तळहात खाली म्हणजे घराजवळ आलो, हळू. हा शेवटचा त्यांनी वारंवार वापरला आणि दर वेळी खोली निराळी झाली.

14 ऑक्टोबर
पुढच्या तारखा. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू आणि काका, पुतण्या, ट्रम्पेटवाले सगळे रस्त्यावर. नुसत्या सोमवारांवर आता भागणार नाही. ताईंनी दाते पंचांग आणलं आणि विवाहमुहूर्तांचं पान उघडून ज्या दिवशी मुहूर्त नाही त्या तारखांवर पेन्सिलने खुणा केल्या. अमावास्या बहुतेक आपल्या. पौषात संक्रांतीपर्यंत तर सगळं रान मोकळं, आणि तेव्हा भिंतही कोरडी असते. बेसवाल्याने बँकेच्या सुट्ट्यांशी ताडून बघितलं. दोन तारखांना त्याला रजा टाकावी लागेल.

काकांनी यादी फोनमध्ये फोटो काढून घेतली. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा मुहूर्त नसलेल्या दिवसाची सुपारी घेतोय. अॅडव्हान्स म्हणून त्यांनी चहा मागितला.